दहा गाणी आणि परतीचा रस्ता

अमेरिकेच्या ऑरेगन राज्यातल्या पोर्टलंड शहरात २००१ च्या सुमारास चार पोरांनी एक बँड काढला, 'द एक्सप्लोडिंग हार्ट्स'. संगीत पॉवर पॉप, म्हणजे वेग पंकचा, पण चाल गुणगुणता येईल अशी. २००३ साली 'डर्टनॅप' या छोट्या स्वतंत्र कंपनीने त्यांचा 'गिटार रोमँटिक' हा अल्बम आणला. दहा गाणी, जेमतेम अर्धा तास. जाणकारांनी उचलून धरला.

२० जुलै २००३. सॅन फ्रान्सिस्कोतला कार्यक्रम आटोपून मंडळी घरी निघाली होती. अंतर सुमारे हजार किलोमीटर. पहाटे युजीन शहराजवळ, इंटरस्टेट ५ वर व्हॅन उलटली. अ‍ॅडम कॉक्स (२३), जेरेमी गेज (२१) आणि मॅट फिट्झगेराल्ड (२०) गेले. टेरी सिक्स आणि बँडची मॅनेजर वाचले. चालवणाऱ्याचा डोळा लागला होता, असं सांगितलं गेलं. २००६ साली उरलीसुरली गाणी 'शॅटर्ड' नावाने निघाली.

ही वयं वाचली की मला पलटणीतली पोरं दिसतात. कॉन्व्हॉयमध्ये ठरलेले हॉल्ट असतात, शेजारी को-ड्रायव्हर असतो. सुट्टीवर निघालेल्या जवानाच्या मोटारसायकलवर यातलं काहीच नसतं. असते ती फक्त घरची ओढ. म्हणून रजेचा कागद हातात देताना मी प्रत्येकाला विचारतो, "काल रात्री किती तास झोपलास?"

निवृत्त मित्रांनो, गावाकडच्या पोरांना तुम्हीही विचारा.