पाण्याची शीव

पाण्याकाठी माणसाने कोठवर बांधावे, हा प्रश्न आज कायद्याचा वाटतो. पण ठाणे खाडीच्या पूर्वतीरी तो कायद्याहून फार जुना आहे. येथील आगरी-कोळ्यांनी भरतीला बांध घालून खारभूमीत भात पिकविला. बांधाला उघाडी असे : भरतीला तिची दारे मिटत, ओहोटीला उघडत आणि आतले पावसाचे पाणी खाडीत जाई. बांध फुटला की साऱ्या गावाची शेती खारी होई. म्हणून तो राखणे हे साऱ्या गावाचे काम असे.

१९७० साली सिडको स्थापन झाली आणि ९५ गावांच्या भूमीवर नवी मुंबई वसू लागली. भरतीच्या पातळीहून सखल जागी नगर वसवायचे, तर पावसाच्या पाण्यास थांबायला जागा हवी. म्हणून धारण तलाव करण्यात आले. त्यांची दारे त्या जुन्या उघाडीच्याच न्यायाने चालतात. पुढे १९९१ च्या अधिसूचनेने समुद्रकाठी भरतीरेषेपासून ५०० मीटरांपर्यंतच्या बांधकामावर निर्बंध आले. २००५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने कांदळवनाभोवती ५० मीटरांत बांधकामास मनाई केली.

परंतु मधल्या काळात तलावांत गाळ साचला, गाळावर कांदळवन उगवले. गाळ काढावा, तर कायद्याने राखलेले झाड तुटते. न काढावा, तर अतिवृष्टीत पाणी वस्तीत शिरण्याचे भय. गाळ वेळच्या वेळी उपसला असता, तर हा पेच पडताच ना. शीव एकदा आखून भागत नाही; ती दरसाल राखावी लागते. गावाला बांध आपला वाटे, म्हणून तो टिकला. तलाव नगरवासीयांना आपला वाटेल काय, हाच खरा प्रश्न आहे.