खाजनाचा बांध : शब्द आणि व्यवस्था

गोमंतकातील बांदिवडे येथे सापडलेल्या मौर्य राजा अनिर्जितवर्मन् याच्या ताम्रपटात ‘खज्जन’ जमिनीच्या दानाचा उल्लेख येतो. ताम्रपट सामान्यतः सहाव्या-सातव्या शतकातील मानला जातो. ‘खज्जना’चे गोव्यातील ‘खाजन’ व मराठीतील ‘खाजण’ कसे झाले, हे सांगण्यास फारसे सायास नकोत. जोडव्यंजन सुटले आणि आधीचा स्वर दीर्घ झाला; ‘सत्त’चे ‘सात’ व ‘कम्म’चे ‘काम’ याच नियमाने झाले. रूपापेक्षा अर्थाचे सातत्य मला अधिक लक्षणीय वाटते. बांध घालून खारे पाणी अडवावे व तेथे भात पिकवावे, हीच दानामागील अपेक्षा होती. आणि खाजन म्हणजे आजही तेच.

मांडवी-जुवारीकाठचे हे बांध मूलतः चिखलमातीचे. जेथे पाण्याचा मारा अधिक तेथे जांभ्या दगडाचे अस्तर. बांधातील दारास ‘मानस’ म्हणतात. भरतीच्या दाबाने त्याच्या लाकडी झडपा मिटतात व ओहोटीस आतल्या पाण्याच्या रेट्याने उघडतात. (रायगडच्या खारेपाटात यालाच ‘उघाडी’ म्हणतात, हे नाव उघडच क्रियेवरून पडले आहे.) पावसाचा लोंढा आणि भरती एकाच वेळी आली, तर दार मिटलेलेच राहते. तेवढा वेळ पावसाचे पाणी ‘पोंय’ नावाच्या आतील सखल जलाशयात साठून राहते व शेत बुडण्यापासून वाचते.

परंतु माती झिजते, खेकडे बिळे पाडतात. दरवर्षी डागडुजी झाली नाही तर हा बांध टिकावयाचा नाही. हे काम गावकरीकडे होते. पोर्तुगीजांनी गावकरी निर्माण केली नाही. अफोंसो मेशिया याने १५२६ च्या ‘फोराल’मध्ये तिच्या रूढी केवळ लेखनिविष्ट केल्या. १९६४ च्या कूळ कायद्यानंतर बांधांची जबाबदारी कुळांच्या संघांकडे गेली. कुळांना मिळालेले संरक्षण न्याय्यच होते, याविषयी दुमत नसावे. तथापि जमिनीचा हक्क जितक्या सहजतेने कागदावर नोंदविता आला, तितक्या सहजतेने बांधाची राखण हस्तांतरित झाली नाही. मानशीवरील मासेमारीचा लिलाव होतो. ठेकेदाराचे हित मासळीत असते, भातात नव्हे. म्हणून कित्येकदा भरतीतही दार उघडे ठेवले जाते आणि खारे पाणी शेतात शिरते. ‘कोरगूट’ भात खारेपणा पुष्कळ सोसतो, पण त्यालाही मर्यादा आहे. भगदाड वेळेवर बुजविले नाही, तर काही वर्षांत तेथे कांदळवन माजते.