एकच फाइल, दोन बेरजा

वर्गाचे गुण एका कागदावरून दुसऱ्यावर उतरवले, की आपण दोन्हीकडची बेरीज जुळते का ते पाहतो. बेरीज जुळली नाही, तर कुठेतरी आकडा चुकला हे नक्की. पण जुळली म्हणजे सारे बरोबर का? दोन मुलांचे गुण एकमेकांच्या नावापुढे पडले, तर बेरजेला त्याचा पत्ताही लागत नाही.

संगणकातल्या फाइलींबाबत हाच पेच पडला होता. बेल प्रयोगशाळेत १९६९ पासून घडत गेलेल्या 'युनिक्स' या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये 'सम' नावाची एक आज्ञा असे. ती फाइलीतील अक्षरांच्या क्रमांकांवरून एक संख्या काढी. चुंबकीय फितीवरून फाइल दुसरीकडे नेली, की दोन्ही ठिकाणी 'सम' चालवून संख्या ताडून पाहायची.

पुढे युनिक्सला शाखा फुटल्या. एक कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील, तर दुसरी एटी अँड टी कंपनीने १९८३ मध्ये आणलेली 'सिस्टिम फाइव्ह'. 'सम' दोन्हींत होते, पण हिशेबाची रीत निराळी!

आपण कागदावर करून पाहू. आस्की संकेतात इंग्रजी लहान ए, बी, सी यांचे क्रमांक ९७, ९८, ९९. सिस्टिम फाइव्हची रीत साध्या बेरजेची, उत्तर २९४. अक्षरे उलट लिहिली तरी २९४च. बर्कलीच्या रीतीत पुढचे अक्षर मिळवण्याआधी तोवरची संख्या निम्मी करायची. विषम असेल तर उरलेल्या एकाबद्दल ३२,७६८ मिळवायचे. म्हणजे ९७ चे ४८, अधिक ३२,७६८, अधिक ९८, झाले ३२,९१४. त्याचे निम्मे १६,४५७, अधिक ९९, उत्तर १६,५५६. उलट क्रमाने मात्र ४९,३२२ येतात. (बेरीज ६५,५३५ च्या पुढे गेली, तर त्यातून ६५,५३६ वजा करायचे.) अदलाबदल पकडली गेली!

परंतु फाइल सुखरूप पोचूनही दोन शाखांतले आकडे जुळेनात. दोष फाइलीत नव्हता, पडताळ्याच्या रीतीत होता. अखेर १९९२ च्या पॉझिक्स मानकाने 'सम'ऐवजी 'सीकेसम' ही आज्ञा ठरवून दिली. तिच्यात बेरजेऐवजी एका विशिष्ट भागाकाराची बाकी काढतात. ही कल्पना वेस्ली पीटरसन यांनी १९६१ मध्ये मांडली होती.

ही बाकी ३२ बिटांची, म्हणजे सुमारे ४२९ कोटी शक्यतांपैकी एक. अपघाताने झालेली चूक पकडायला ती उत्तम. पण कोणी मुद्दाम फाइल बदलून बाकी तीच राखू शकतो. त्यासाठी रोनाल्ड रिव्हेस्ट यांची १२८ बिटांची 'एमडी५' रीत १९९२ मध्ये प्रसिद्ध झाली. २००४ मध्ये शियाओयुन वांग आणि सहकाऱ्यांनी एकच उत्तर देणारे दोन वेगळे मजकूर दाखवले. आता 'शा-२५६' वापरतात. विंडोज, मॅक, लिनक्स यांतल्या आज्ञा वेगळ्या, तरी एका फाइलीचे उत्तर तिन्हींकडे तेच ६४ अंकाक्षरांचे येते. मात्र विंडोजमध्ये ओळीच्या शेवटी सहसा दोन खुणा असतात, लिनक्समध्ये एक. नेताना त्या बदलल्या, तर डोळ्यांना तोच दिसणारा मजकूर वेगळे उत्तर देतो, आणि ते योग्यच आहे.

आणखी एक सावधगिरी हवी. २० फेब्रुवारी २०१६ रोजी घुसखोरांनी 'लिनक्स मिंट'च्या संकेतस्थळावरील दुवा बदलून चोरवाट असलेली फाइल लोकांना दिली. जो फाइल बदलू शकतो, तो शेजारी छापलेली संख्याही बदलू शकतो. म्हणून ताडून पाहायची संख्या शक्यतो वेगळ्या, खात्रीच्या ठिकाणाहून घ्यावी.

वर्गात एक प्रयोग करता येईल. इंग्रजीत चहा म्हणजे टी-ई-ए आणि खाणे म्हणजे ई-ए-टी. ई चा क्रमांक १०१, टी चा ११६. दोन्ही शब्दांचा पडताळा दोन्ही रीतींनी मुलांकडून काढून घ्या. कोणती रीत फसते आणि का, हे तीच सांगतील.