मुंबईचा उंदीर, मद्रासचा उंदीर

उसात उंदीर लागला की आपण औषध शोधतो. आज त्याच उंदराचा जुना इतिहास सांगतो, कारण तो थेट आपल्या रानापर्यंत येतो.

१८९६ ला मुंबईत मांडवी भागात प्लेग सुरू झाला आणि पुढं गावोगाव पसरला. शाहू महाराजांच्या काळात कोल्हापूर संस्थानातही आला. घरात उंदीर पडायला लागले की लोक गाव सोडून रानात झोपड्या घालायचे. ते बरोबरच होतं. उंदीर मेला की त्याच्या अंगावरच्या पिसवा माणसाकडं वळतात आणि त्यांच्यातनं प्लेगचा जिवाणू माणसात येतो.

१९०५ पासून परळच्या प्रयोगशाळेत, म्हणजे आजच्या हाफकिन संस्थेत, प्लेग कमिशननं उंदरांवर प्रयोग केले. प्लेगचा जिवाणू टोचला तर मुंबईचे बरेच उंदीर तगले. मद्रास शहरात प्लेग फारसा झालाच नव्हता. तिथले उंदीर मात्र पटापट मेले. १९३७ मध्ये हाफकिनचेच सोखी आणि चित्रे यांनी ठिकठिकाणचे उंदीर तपासले. तेव्हाही तेच दिसलं: जिथं प्लेग जास्त झाला, तिथला उंदीर काटक.

हे कसं झालं? कुणी उंदराला लस दिली नव्हती. साथीत कमजोर मेले, चार चिवट उरले. पिल्लं झाली ती त्या चिवटांचीच. उंदराची मादी लवकर वयात येते, म्हणून दहा वर्षांत कितीतरी पिढ्यांची निवड होते. आपण बियाण्याला चांगलं कणीस बाजूला काढतो, तेच काम इथं रोगानं केलं.

आता आपल्या कामाचं. निवड रोग करतो तशी औषधही करतं. वॉरफरीन या उंदराच्या औषधाला न जुमानणारे उंदीर १९५८ मध्येच स्कॉटलंडला सापडले. एकच औषध सारखं वापरलं की आपणच चिवट वाण तयार करतो. किडीचंही तसंच.

म्हणून औषध आलटूनपालटून वापरा. बांध साफ ठेवा, बिळं मोडा, घुबडाला बसायला रानात काठ्या रोवा. घुबडाच्या तावडीतनं सुटायला औषध पचवून भागत नाही. आणि गावात किंवा रानात कारण नसताना उंदीर मरून पडायला लागले, तर हात न लावता आरोग्य केंद्रात कळवा. आपल्या पणज्यांना ती खूण कळत होती.

तुमच्याकडं कोणतं औषध आता चालत नाही, लिहा.