आगीवरचा फेस

भिंगारचे नाव निघाले की इतिहासाच्या जाणकारांना औरंगजेब आठवतो. पंचवीस वर्षे दख्खन तुडवून थकलेला हा बादशहा १७०७ साली येथेच मरण पावला. देह खुलताबादेस गेला आणि आलमगीर हे नाव तेवढे भिंगारला मागे राहिले. आम्हां भाचरांना त्या बादशहाशी काही कर्तव्य नव्हते. आमचे भिंगार म्हणजे मामांचे घर, दिवाळीची सुट्टी आणि नरकचतुर्दशीच्या पहाटे मामीने डोक्यावर चोळलेल्या शिकेकाईचा डोळ्यांत जाणारा फेस.

मामा अग्निशामक दलात होते. नगरच्या नव्हे, दूर समुद्राकाठी एका तेलाच्या कोठारावर त्यांची नोकरी होती. दिवाळीला रजा मिळाली तर ते घरी येत, आणि आले की आमच्या फटाक्यांवर जप्ती येई. अंगणात वाळूची बादली, पाण्याची बादली आणि भिजवलेले पोते मांडून झाल्याशिवाय साधी फुलबाजीसुद्धा पेटवायची सोय नव्हती. एके वर्षी करंज्या तळताना मामीच्या कढईने पेट घेतला. शेजारच्या काकू पाण्याचा तांब्या घेऊन धावल्या. मामांनी त्यांना दारातच अडवले, कढईवर परात पालथी घातली आणि शांतपणे म्हणाले, "वहिनी, तेलावर पाणी कधी नाही." मग आम्हांला समोर बसवून त्यांनी समजावले की पाणी तेलाहून जड, ते तळाशी जाते, तेथे त्याची एकदम वाफ होते आणि पेटते तेल घरभर उडते.

"मग तेलाची टाकी पेटली तर?" मी विचारले.

"फोम," मामा म्हणाले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर जो अभिमान दिसला तो मी अजून विसरलेलो नाही. दर शनिवारी कवायत असे. पिंपातला घट्ट द्रव पाण्यात मिसळून ब्रांचमधून सोडला की मैदानावर गुडघाभर पांढरा फेस. वसाहतीची पोरे त्यात लोळत. उरलेल्या फोमने गाड्या धुवायच्या, हात धुवायचे. सगळे पाणी उताराने मैदानाच्या कडेला जाई.

हा फेस आला कोठून, ही हकीगत मोठी मनोरंजक आहे. बाकू येथील तेलविहिरींच्या आगी पाहून अलेक्सांद्र लोरान नावाच्या रशियन शिक्षकाला विसाव्या शतकाच्या आरंभी सुचले की पाण्यापेक्षा हलके असे काही तेलावर पांघरले पाहिजे. पुढे खूर, शिंगे आणि रक्त यांतील प्रथिनांपासून फेस होऊ लागला. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी आरमाराने सोयाबीनच्या प्रथिनाचा फेस वापरला. त्यामागे पर्सी ज्युलियन या कृष्णवर्णीय रसायनशास्त्रज्ञाचे काम होते आणि खलाशी त्या फेसाला शेंगांचे सार म्हणत. एवढ्यावर थांबले असते तर हा लेख लिहावा लागला नसता.

परंतु १९६० नंतरच्या दशकात अमेरिकी आरमाराच्या प्रयोगशाळेत रिचर्ड टूव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फ्लोरिनयुक्त रसायने घालून नवा फेस सिद्ध केला. त्यातून निघणारे पाणी तेलावर पातळ पापुद्र्यासारखे पसरते आणि तेलाची वाफच कोंडते. थ्रीएम कंपनीने त्याला 'लाइट वॉटर', म्हणजे हलके पाणी, असे नाव दिले. २९ जुलै १९६७ रोजी व्हिएतनामनजीकच्या समुद्रात 'फॉरेस्टल' या विमानवाहू जहाजावर एक अग्निबाण चुकून सुटला, विमानांचे इंधन पेटले, बाँब फुटले आणि १३४ माणसे गेली. त्या गोंधळात काही जण फेस मारीत होते आणि दुसरे पाण्याचे होज सोडून तोच फेस धुवून टाकीत होते. या आगीने साऱ्यांचे डोळे उघडले. १९६९ मध्ये अमेरिकी लष्कराने नव्या फेसाचे मानक ठरवले, आणि बघता बघता तो जगभरच्या विमानतळांवर व तेलाच्या कोठारांवर गेला.

त्या रसायनांचा गुण तोच त्यांचा दोष. कार्बन आणि फ्लोरिन यांची गाठ इतकी पक्की की ती उन्हाने सुटत नाही, मातीतल्या जंतूंनी तुटत नाही, आणि शरीरालाही ती सोडवता येत नाही. रक्तात शिरलेले पीएफओएस किंवा पीएफओए निम्म्यावर यायलाच काही वर्षे लागतात. मैदानावर सोडलेला फेस संध्याकाळपर्यंत विरतो. त्यातले रसायन भुईत मुरते आणि पाण्याबरोबर चालू लागते. निजामशाहीत कापूरवाडीसारख्या ठिकाणचे पाणी जमिनीखालच्या खापरी नळांनी नगरात आणले होते. वरच्या अंगाला पाण्यात काही पडले तर ते खालच्या घागरीत येते, हे नगरकरांना वेगळे सांगायला नको.

निवृत्तीनंतर मामा भिंगारला येऊन राहिले. २०१७ साली त्यांना मूत्रपिंडाचा कर्करोग निघाला आणि २०१९ मध्ये ते गेले. तोवर आमच्यापैकी कोणी फेसाचा विचारही केला नव्हता. पुढे २०२३ मध्ये अमेरिकेतल्या दाव्यांच्या बातम्या आल्या. मी त्या मामीला वाचून दाखवल्या. तिने चष्मा काढला आणि विचारले, "असा दावा आपल्याला करता येईल का रे?"

या प्रश्नाचे उत्तर शोधता शोधता मी बराच मागे गेलो. धंद्यामुळे कर्करोग होतो हे पहिल्यांदा नीट मांडले १७७५ मध्ये लंडनचे शल्यवैद्य पर्सिव्हल पॉट यांनी. तेथील धुराडी साफ करणाऱ्या पोरांच्या अंगात काजळी मुरे आणि मोठेपणी त्यांना वृषणकोशाचा कर्करोग होई. कारण कळले म्हणून पोरे धुराड्यांतून लगेच बाहेर आली असे नव्हे. त्याला जवळजवळ शंभर वर्षे लागली.

आपल्या विषयातली खरी लढाई फेसापासून नव्हे, गाईंपासून सुरू झाली. वेस्ट व्हर्जिनियातील पार्कर्सबर्ग गावचा शेतकरी विल्बर टेनंट याची गुरे एकामागून एक मरू लागली. शेजारी ड्यूपॉन्टचा कचरा टाकण्याचा खड्डा होता. गावातला कोणी वकील हात लावीना, तेव्हा त्याने स्वतः चित्रफिती काढल्या आणि १९९८ मध्ये रॉब बिलट या वकिलाकडे नेल्या. बिलट हा एरवी रसायन कंपन्यांचीच वकिली करणारा. त्याने न्यायालयामार्फत कंपनीची कागदपत्रे मागवली, तेव्हा पेट्याच्या पेट्या आल्या. त्या तो जमिनीवर बसून वाचीत राहिला. टेफ्लॉनच्या कारखान्यात वापरले जाणारे पीएफओए नदीत आणि पिण्याच्या पाण्यात गेले होते, आणि कंपनीला ते ठाऊक होते.

पण 'ठाऊक होते' आणि 'त्यानेच रोग झाला' या दोन गोष्टींत मोठे अंतर आहे. या खटल्यात ते अंतर ज्या युक्तीने तोडले तिचे मला फार कौतुक वाटते. २००४ च्या तडजोडीत ठरले की दोन्ही पक्षांना मान्य असे तीन शास्त्रज्ञ गावकऱ्यांचे रक्त तपासतील. ज्या रोगांचा संबंध संभवनीय ठरेल त्यांच्याबाबत, हे रसायन असा रोग करू शकते की नाही, हा वाद कंपनी घालणार नाही. रक्त देणाऱ्यास ४०० डॉलर देऊ केले, आणि सुमारे ६९,००० माणसे आली! २०१२ पर्यंत सहा विकारांचा संबंध निघाला. त्यांत मूत्रपिंडाचा आणि वृषणाचा कर्करोग होता. २०१७ मध्ये साडेतीन हजारांवर दावे ६७ कोटी १० लाख डॉलरना मिटले. टेनंट तोवर हयात नव्हता.

फेसाचे दावे या पायावर उभे राहिले. डिसेंबर २०१८ मध्ये ते सारे साउथ कॅरोलिनातील चार्ल्सटनच्या न्यायालयात न्यायाधीश रिचर्ड गर्गेल यांच्यापुढे एकत्र आले. कंपन्यांचा बचाव असा की माल आम्ही लष्कराच्या मानकाप्रमाणे केला, सबब दोष आमचा नाही. धोक्याची माहिती कंपन्यांनी सरकारला दिली होती का, हाच प्रश्न असल्याने सप्टेंबर २०२२ मध्ये न्यायाधीशांनी हा बचाव निकालापूर्वीच मान्य करण्यास नकार दिला. प्रश्न रास्त होता. सामान्य माणसांच्या रक्तात फ्लोरिनची सेंद्रिय संयुगे सापडल्याचे १९७६ मध्येच प्रसिद्ध झाले होते. थ्रीएमने पीएफओएस बंद करण्याची घोषणा केली ती २००० साली. फ्लोरिडातील स्टुअर्ट या गावाचे पाणी अग्निशामकांच्या सरावातल्या फेसाने बिघडले होते. त्याचा खटला जून २०२३ मध्ये उभा राहणार तोच थ्रीएमने पाणीपुरवठा संस्थांना किमान १,०३० कोटी डॉलर देण्याचे कबूल केले. मामीला वाचून दाखवलेली बातमी ती हीच. मात्र हा पैसा पाणी शुद्ध करण्याचा आहे. आजारी माणसांचे दावे निराळे, ते हजारोंनी आहेत, आणि त्यांत अग्निशामक दलाची माणसे पुष्कळ.

येथे एक कबुली दिली पाहिजे. मामा विडी ओढत. विडीच्या धुरानेही मूत्रपिंडाचा कर्करोग होऊ शकतो. शिवाय आयुष्यभर त्यांनी आगीचा धूर गिळला. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने अग्निशामकाचा धंदाच कर्करोगकारक ठरवला, तो केवळ फेसामुळे नव्हे. त्याच संस्थेने २०२३ मध्ये पीएफओएला कर्करोगकारक आणि पीएफओएसला कदाचित कर्करोगकारक म्हटले. तेव्हा एका माणसाचा एक रोग घेऊन तो विडीचा, धुराचा की फेसाचा, हे कोणता वैद्य छातीवर हात ठेवून सांगेल? आणि फेसाला नुसत्या शिव्या देणेही बरे नव्हे. २०२१ च्या भाऊबीजेला नगरच्या जिल्हा रुग्णालयात आग लागून अतिदक्षता विभागातले अकरा रुग्ण गेले. तेथे फेसाचा संबंध नव्हता. पण आग काय करते ते आम्ही घराजवळ पाहिले आहे. आता फ्लोरिन नसलेले फेस निघाले आहेत, हे मामा असते तर त्यांना आवडले असते. अशीच आवडली असती ऑस्ट्रेलियातली एक बातमी: २८५ अग्निशामकांवरच्या प्रयोगात नियमित रक्तदान वा रक्तद्रवदान करणाऱ्यांच्या रक्तातले हे रसायन कमी झाले. आमच्या आजीच्या तुंबडीवाल्याला हे ऐकून केवढा आनंद झाला असता!

हे सारे सातासमुद्रापलीकडचे, असे कोणी समजू नये. इटलीत व्हिचेन्झाजवळच्या त्रिस्सिनो गावी मितेनी नावाचा या रसायनांचा कारखाना होता. तीन जिल्ह्यांचे पाणी त्याने बिघडवले आणि साडेतीन लाख लोक त्या टापूत सापडले. पोरांचे रक्त तपासून निघाले तेव्हा तिथल्या आयांनी रस्त्यावर उतरून चळवळ केली. २६ जून २०२५ रोजी न्यायालयाने अकरा अधिकाऱ्यांना मिळून १४१ वर्षांचा तुरुंगवास सांगितला. कारखाना २०१८ मध्येच दिवाळखोरीत गेला होता. त्याची यंत्रे आणि कृतींचे हक्क २०१९ मध्ये लिलावात घेतले ते लक्ष्मी ऑर्गॅनिक या आपल्याकडील कंपनीच्या उपकंपनीने, आणि यंत्रे आली रत्नागिरी जिल्ह्यात, लोटे परशुरामच्या औद्योगिक वसाहतीत. त्रिस्सिनोत घडले तेच लोट्याला घडते आहे असे मी म्हणत नाही. यंत्र तेच म्हणून चालवणारा तोच असे होत नाही. पण वाशिष्ठीच्या खोऱ्यातल्या माणसांच्या रक्ताची आणि विहिरींची नोंद आज करून ठेवली, तर वीस वर्षांनी कोणाच्या तरी मामीला उत्तर देता येईल.

आपला कायदा दुबळा आहे असेही नाही. दिल्लीच्या श्रीराम कारखान्यातील वायुगळतीनंतर डिसेंबर १९८६ मध्ये न्या. भगवतींच्या पीठाने धोक्याचा धंदा करणाऱ्यावर निरपवाद जबाबदारी टाकली. १९९५ मध्ये ॲस्बेस्टॉसच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की कामगाराच्या प्रकृतीची नोंद कामाला लागल्यापासून ४० वर्षे किंवा काम सोडल्यावर १५ वर्षे, यांत जे उशिराचे असेल तोवर ठेवावी. माझ्या मते या विषयावरचे सर्वांत शहाणे वाक्य तेच. पण ते ॲस्बेस्टॉसपुरते. इतर ठिकाणी मुदत आडवी येते. हरित न्यायाधिकरणाकडे भरपाई मागायची तर कारण प्रथम घडल्यापासून पाच वर्षांत. मामांच्या वेळच्या १९२३ च्या भरपाई कायद्याखाली मुदत दोन वर्षांची, आणि त्याच्या परिशिष्टात ॲस्बेस्टॉसमुळे होणारा फुप्फुसाचा कर्करोग आहे, फेसाचे नाव नाही. या विषाला रोग व्हायलाच वीस-तीस वर्षे लागतात!

तरी आम्ही नगरच्या एका वकिलांकडे गेलो. त्यांनी तीनच गोष्टी मागितल्या: फोम कोणत्या कंपनीचा, कोणत्या सालापासून कोणत्या सालापर्यंत, आणि दवाखान्याचे कागद. दवाखान्याचे कागद मामीने ट्रंकेत जपून ठेवले होते. सालांसाठी मामांच्या वह्या होत्या. दर शनिवारी "फोम कवायत" आणि किती पिंपे उघडली त्याचा आकडा. नाव मात्र एकाही पानावर नाही. कोठाराला लिहिले, उत्तर आले की जुने खरेदीचे कागद मुदत संपल्याने नष्ट करण्यात आले आहेत.

वकिलांनी वह्या परत दिल्या. घरी आल्यावर मामीने त्या पुन्हा उघडल्या नाहीत. चहा ठेवता ठेवता ती म्हणाली, "मैदानाच्या कडेला विहीर होती ना, तिचंच पाणी सगळी वसाहत प्यायची." हे वहीत कोठेच नव्हते. मी कागद पुढे ओढला आणि तिला वसाहतीतल्या घरांची नावे विचारली. तिने पहिल्या रांगेपासून सांगायला सुरुवात केली. कोण कोठले, कोणाला मुले किती, कोण कशाने गेले. दिवे लावायची वेळ झाली तेव्हा आम्ही तिसऱ्या रांगेपर्यंत आलो होतो.