म्हसवडचे माने : वतन, वैर आणि संताजींचा वध

संताजी घोरपडे यांचा वध नागोजी माने यांनी केला, हे शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. नागोजी कोण, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. #थ्रेड

आजच्या सातारा जिल्ह्यातील, माणगंगेकाठचे म्हसवड हे मान्यांच्या देशमुखीचे ठाणे. विजापूर दरबारी वजन असलेली सात मराठा घराणी ग्रँट डफ नोंदवतो. त्यांतील जावळीचे मोरे, फलटणचे निंबाळकर, मलवडीचे घाटगे, म्हसवडचे माने आणि जतचे डफळे ही पाच एकट्या सातारा-सांगली पट्ट्यातील! मान्यांना तो नामांकित शिलेदार म्हणतो आणि सूडबुद्धीबाबत शिर्क्यांच्या पंगतीला बसवतो. हा शेरा संताजींचा वध डोळ्यांसमोर ठेवूनच लिहिला असावा.

देशमुख म्हणजे परगण्याचा वसूल पाहणारा, पदरी स्वार बाळगणारा वंशपरंपरागत वतनदार. राज्य कोणाचेही येवो, वतन टिकले पाहिजे, ही त्याची पहिली निष्ठा. आज्ञापत्रात वतनदारांविषयी जो कडवट सावधपणा दिसतो, तो अशाच अनुभवातून आलेला आहे. १६८९ मध्ये संभाजी महाराजांच्या हत्येनंतर औरंगजेब मनसबी वाटू लागला, तेव्हा राजाराम महाराजांनाही वतने-इनामे देऊ करावी लागली. याच काळात नागोजी मुघलांची चाकरी सोडून जिंजीस महाराजांच्या पक्षात आले आणि पुढे पुन्हा मुघलांकडे वळले. अशी ये-जा करणारे ते एकटे नव्हते. म्हणून केवळ ‘फितूर’ म्हणून त्यांचा उलगडा होत नाही.

मग संताजींशीच इतके वैर का? संताजी आणि धनाजी जाधव यांच्यातील बेबनाव लढाईपर्यंत गेला. त्या लढाईत हाती लागलेल्या अमृतराव निंबाळकरांना संताजींनी हत्तीच्या पायी दिले. अमृतराव हे नागोजींच्या पत्नी राधाबाई यांचे बंधू, अशी हकीकत आहे. खाफीखान मात्र मारला गेलेला नागोजींचाच भाऊ होता असे सांगतो. नाते कोणतेही धरले, तरी रक्ताचे वैर मान्यांच्या उंबरठ्यापर्यंत आलेच होते.

जून १६९७. राजाची मर्जी आणि सैन्य दोन्ही गमावलेले संताजी शंभुमहादेवाच्या डोंगरात आले होते, म्हणजे मान्यांच्या घरच्याच मुलखात. ओढ्यावर स्नान करीत असता नागोजींनी त्यांना गाठले. ही जागा माण तालुक्यातील कारखेलच्या परिसरात सांगितली जाते.

पुढची कथा विलक्षण आहे. संताजींचे शिर खोगिराला अडकवलेल्या पिशवीत घालून नागोजी निघाले आणि घोडदौडीत पिशवी वाटेतच पडली. ती फिरोजजंगच्या माणसांना सापडली. शिर बादशहाकडे पोहोचले आणि ते घेऊन जाणाऱ्यास किताब मिळाला : खुशखबरखान.