रुळांमधले अंतर : बोरीबंदर, काचीगुडा आणि मधला मराठवाडा

रेल्वे स्थानकांच्या वास्तूविषयी मराठीत जे लेखन आढळते, ते बहुधा बोरीबंदरापाशी सुरू होते आणि तिथेच थांबते. यात वावगे काही नाही. मुंबईच्या त्या इमारतीशी तुलना करावी अशी दुसरी स्थानक-वास्तू महाराष्ट्रात नाहीच. पण परभणी, पूर्णा, सेलू, मानवत या बाजूच्या वाचकाने हे लेखन वाचताना एक गोष्ट ध्यानात ठेवायला हवी. ज्या टर्मिनसचे वर्णन तो वाचतो आहे, ते त्याच्या आजोबांचे टर्मिनस नव्हते. मराठवाड्यातला रूळ जवळजवळ नव्वद वर्षे हैदराबादला जाऊन भिडत होता. मुंबईच्या रुळाला तो जुळतच नव्हता. ही दिशा कोणत्या घुमटाने वा कमानीने ठरवली नाही. ती ठरवली दोन रुळांमधल्या ६७६ मिलिमीटरच्या फरकाने.

आधी बोरीबंदराकडे पाहू. १६ एप्रिल १८५३ रोजी जिथून ठाण्याकडे पहिली प्रवासी गाडी सुटली, त्या साध्या स्थानकाच्या जागी ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेने आपले मुख्यालय आणि टर्मिनस एकत्र उभारायचे ठरवले. फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स या वास्तुरचनाकाराकडे काम आले. १८७८ साली आरंभ झाला, राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात, म्हणजे १८८७ साली, इमारतीला व्हिक्टोरिया टर्मिनस हे नाव मिळाले आणि १८८८ मध्ये बांधकाम पूर्णत्वाला गेले. खर्च सोळा लाख रुपयांच्या थोडा वर. लंडनच्या सेंट पँक्रस स्थानकाची छाया तिच्यावर आहे, इटलीतल्या गॉथिक इमारतींची आहे, आणि टोकदार शिखरे व गवाक्षे यांतून इथल्या राजवाड्यांचीही आहे. आतल्या तिकीटघरात इटालियन संगमरवर आणि घासून चकचकीत केलेला देशी दगड शेजारी शेजारी बसवला आहे. पानाफुलांची, पशुपक्ष्यांची कोरीव कामे जे. जे. कलाशाळेच्या विद्यार्थ्यांच्या हातची आहेत. म्हणजे या ‘इंग्रजी’ इमारतीच्या अंगावरचा बराच साज एतद्देशीय बोटांनी घडवलेला आहे.

ही इमारत बोलकी आहे, किंबहुना जरा अधिकच बोलकी. प्रवेशद्वाराच्या एका खांबावर सिंह, दुसऱ्यावर वाघ : एक इंग्लंड, एक हिंदुस्थान. घुमटाच्या माथ्यावर ‘प्रगती’ ही स्त्रीमूर्ती, एका हातात उंचावलेली मशाल, दुसऱ्या हाताशी आऱ्यांचे चाक. दर्शनी भिंतीवर कंपनीच्या आणि शहराच्या कर्त्या पुरुषांचे मुखवटे दगडात बसवलेले. त्यांत जमशेटजी जीजीभाई आहेत, जगन्नाथ शंकरशेटही आहेत. साहित्याच्या विद्यार्थ्याला ही इमारत एखाद्या रूपककथेसारखी वाचता येते, आणि रूपककथेचा दोषही तिच्यात आहे : अर्थ फार उघड आहे. गाडी पकडायला आलेल्या माणसाला ‘तू प्रगतीच्या दारात उभा आहेस’ असे इतक्या मोठ्याने सांगण्याची गरज नव्हती. असो. १९९६ मध्ये तिला छत्रपती शिवाजी टर्मिनस हे नाव मिळाले, २००४ मध्ये ती जागतिक वारशाच्या यादीत गेली, २०१७ मध्ये नावात ‘महाराज’ हा शब्द आला.

आता नकाशावर पूर्वेकडे सरकू. निजामाची स्वतःची रेल्वे सुरू झाली ती १८७४ साली, वाडीहून सिकंदराबादला. हा फाटा मुंबई–मद्रास मार्गाला जोडायचा असल्याने त्याची रुंदी मुंबईचीच होती : ब्रॉडगेज, १६७६ मिलिमीटर. पुढचा विस्तार मात्र वादाचा ठरला. चांद्याकडे लोहमार्ग न्यायचा आणि त्यासाठी लंडनमध्ये कंपनी काढायची, तिला निजामाच्या खजिन्यातून पाच टक्के व्याजाची हमी द्यायची, ही योजना १८८३ साली पुढे आली. ‘अटी आधी जाहीर करा’ अशी मागणी हैदराबादच्या काही सुशिक्षितांनी केली. त्यांत अघोरनाथ चट्टोपाध्याय होते आणि मुल्ला अब्दुल कय्यूम होते. दोघांनाही राज्याबाहेर काढण्यात आले. अघोरनाथ म्हणजे सरोजिनी नायडूंचे वडील. त्या वेळी सरोजिनी चार वर्षांच्या होत्या. हैदराबाद संस्थानातल्या सार्वजनिक चळवळीच्या इतिहासाचा आरंभ अनेक अभ्यासक याच प्रसंगापासून मानतात. आपण आर्य समाज, महाराष्ट्र परिषद, स्टेट काँग्रेस या क्रमाने तो इतिहास शिकवतो आणि रेल्वेच्या हिशेबाचा हा प्रश्न बहुधा गाळतो.

कंपनी झालीच. निजाम्स गॅरंटीड स्टेट रेल्वे हे तिचे नाव. त्या नावातला ‘गॅरंटीड’ हा शब्द आमच्या भागातल्या स्थानकांच्या वास्तूचा खरा शिल्पकार आहे असे मला वाटते. भागधारकाला व्याज मिळणारच, तूट पडली तर ती संस्थानची रयत भरणार, अशा व्यवस्थेत स्थानक सुंदर करण्याचे कारण कोणाला असणार? बोरीबंदरात ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेने स्वतःचे वैभव मिरवले, कारण तिथे तिचे मुख्यालय होते आणि समोर एक श्रीमंत, बोलके, वर्तमानपत्रे काढणारे शहर होते. हमीची व्यवस्था त्या कंपनीलाही लाभली होतीच, पण परभणीसमोर कोण पाहायला होते?

हैदराबाद ते मनमाड हा गोदावरी खोऱ्याचा मार्ग १८९९ ते १९०१ या काळात टप्प्याटप्प्याने खुला झाला. लांबी ३९१ मैल. नांदेड, पूर्णा, परभणी, सेलू, जालना, औरंगाबाद (आजचे छत्रपती संभाजीनगर) ही गावे त्यावर आली. वर्षे नीट पाहावीत : याच काळात दख्खनमध्ये १८९९–१९०० चा भीषण दुष्काळ पडला होता. आणि या मार्गाची रुंदी होती एक मीटर. हिंदुस्थान सरकारने १८७० च्या दशकात काटकसरीसाठी हे माप स्वीकारले होते. रूळ हलके, पूल अरुंद, इंजिन लहान, भराव कमी. स्वस्तात अधिक मैल पदरात पडत. हिशेब चुकीचा नव्हता. पण त्याची किंमत मार्गाच्या टोकाला, मनमाडला, चुकवावी लागे.

मनमाडला काय होत असे, हे आज एम. ए.च्या वर्गात समजावून सांगावे लागते. एका बाजूला मुंबईकडून आलेली रुंद लाइन, दुसऱ्या बाजूला मराठवाड्यातून आलेली अरुंद लाइन. एकीचा डबा दुसरीवर चढू शकत नाही. प्रवाशाने ट्रंक, वळकटी, लेकरे घेऊन फलाट बदलायचा आणि पुढच्या गाडीची वाट पाहायची. मालाचे त्याहून अवघड. लोहमार्ग आल्यावर जालना, सेलू, परभणी, नांदेड इथे जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने निघाले. तिथल्या रुईच्या दाबलेल्या गाठी मुंबईला जायच्या तर मनमाडला एका वाघिणीतून उतरवून दुसरीत चढवायच्या. ही चढउतार म्हणजे हमालांच्या पाठी. कामगारांच्या या गावात फेब्रुवारी १९३८ मध्ये डॉ. आंबेडकरांनी रेल्वेतल्या अस्पृश्य कामगारांच्या परिषदेपुढे ब्राह्मण्य आणि भांडवलशाही या कामगारांच्या दोन शत्रूंविषयीचे सुप्रसिद्ध भाषण केले. मनमाडच्या स्थानकाला शिल्प नाही, मशालधारी मूर्ती नाही. पण बोरीबंदरच्या ‘प्रगती’वरचे भाष्य वाचायचे तर ते इथे वाचावे.

इथे एक समांतर उदाहरण आठवते. जपाननेही १८७२ साली पहिली रेल्वे सुरू करताना अरुंदच माप घेतले, १०६७ मिलिमीटरचे. त्याच अरुंद रुळांवर तात्सुनो किंगो या वास्तुरचनाकाराने लाल विटांचे भव्य टोकियो स्थानक बांधले. ते १९१४ साली उघडले. त्याचे तोंड सम्राटाच्या राजवाड्याकडे आहे आणि मधले दार सम्राटासाठी राखलेले. १९४५ च्या बॉम्बवर्षावात त्याचे घुमट जळाले, ते २०१२ मध्ये मूळ रूपात पुन्हा उभे राहिले. तेव्हा रूळ अरुंद म्हणून स्थानक दरिद्री, असा नियम नाही. जपानमध्ये ते माप सगळ्या देशाचे होते, म्हणून मधे मनमाड नव्हते. आमच्याकडे ते माप प्रदेशाला शेजारच्या मराठी मुलखापासून वेगळे करणारे ठरले.

टोकियोनंतर दोनच वर्षांनी, १९१६ साली, काचीगुडा स्थानक उभे राहिले. मीर उस्मान अली खान गादीवर होते. आराखडा व्हिन्सेंट एश यांचा. कलकत्त्याच्या व्हिक्टोरिया मेमोरियलच्या कामावर देखरेख केलेला हा वास्तुरचनाकार नंतर हैदराबादचे उच्च न्यायालय, सिटी हायस्कूल आणि उस्मानिया रुग्णालय यांचाही कर्ता झाला. मध्यभागी घुमट, बाजूंना लहान घुमट, मिनारांसारखे उंचावलेले कोपरे, पांढरा दर्शनी भाग, पडदानशीन स्त्रियांच्या जाण्यायेण्याची वेगळी सोय. इथे सिंह नाही, वाघ नाही, कंपनीच्या संचालकांचे मुखवटे नाहीत. ही इमारत रूपककथा सांगत नाही. ती स्थानकापेक्षा हवेलीसारखी वाटते, आणि मला ती बोरीबंदरपेक्षा अधिक सभ्य वाटते, हे नोंदवून ठेवतो. सत्ता तिच्यातही आहेच. पण ती आल्यागेल्याला प्रवचन देत नाही.

परभणीचा, नांदेडचा, औरंगाबादचा माणूस मीटरगेजच्या गाडीतून न उतरता पोहोचे तो इथे. आणि हा माणूस कोण होता? कचेरीच्या कामासाठी येणारा वतनदार होता, व्यापारी होता, आणि शिकायला आलेला मुलगा होता. औरंगाबादला इंटरमीजिएट कॉलेज १९२३ साली निघाले, पदवीसाठी हैदराबादच गाठावे लागे. उस्मानिया विद्यापीठ १९१८ चे, माध्यम उर्दू. परभणीचे बी. रघुनाथ सातोन्याचे, त्यांचे शिक्षण हैदराबादेत झाले. नरहर कुरुंदकर नांदापूरचे. तेही मामांकडे, म्हणजे उस्मानियातले मराठीचे प्राध्यापक डॉ. ना. गो. नांदापूरकर यांच्याकडे, हैदराबादेतच राहिले. मराठवाड्याच्या लेखकांच्या भाषेत उर्दूचा जो सहज वावर आहे, त्याची कारणे आपण निजामी राजवटीत आणि शाळांच्या माध्यमात शोधतो. ती योग्यच आहेत. पण पुण्या-मुंबईच्या साहित्यव्यवहाराशी आमचा संबंध उशिरा का जुळला, या प्रश्नाचे उत्तर देताना मनमाडचा फलाट विसरू नये. मासिक टपालाने येई. माणूस मात्र डबा बदलून जाई.

मुक्तिसंग्रामात हाच फलाट उलट्या अर्थाने उपयोगी पडला. मनमाड ब्रिटिश मुलखात, रोटेगावपासून पुढे निजामाची हद्द. त्यामुळे १९४७–४८ मध्ये संस्थानाबाहेरून लढा चालवणाऱ्या स्टेट काँग्रेसचे एक महत्त्वाचे केंद्र मनमाडला होते. रूळ जिथे तुटतो तिथेच सरहद्द, आणि सरहद्दीच्या पलीकडे आसरा. १७ सप्टेंबर १९४८ ला संस्थान संपले, १ नोव्हेंबर १९५६ ला मराठवाडा मुंबई राज्यात आला. रुळाचे माप मात्र तेच राहिले. प्रदेश मराठी राज्यात सामील झाल्यावरही राजधानीला जाणारी थेट गाडी नाही, ही स्थिती जवळजवळ आणखी चार दशके टिकली. ब्रॉडगेजची मागणी मराठवाड्याच्या विकासाच्या प्रत्येक मागणीपत्रात असे. ती इतकी नित्याची झाली की तिच्यातला संताप कोणाला ऐकू येईना. भाषावार प्रांतरचना कागदावर एका दिवसात होते. मनमाडच्या अलीकडचा मार्ग रुंद व्हायला १९९० चे दशक उजाडले.

या बदलात पूर्णेचे काय झाले, हे स्वतंत्र लेखाचा विषय आहे. पूर्णा हे मीटरगेजचे गाव. हिंगोलीकडचा फाटा तिथून फुटे, इंजिनांचे शेड तिथे, रेल्वेची वसाहत तिथे. त्या गावाची वास्तू कोणत्याही एका इमारतीत नव्हती. ती यार्डात होती, राखेच्या ढिगाऱ्यांत, पाळीच्या भोंग्यात आणि क्वार्टर्सच्या रांगांत होती. मीटरगेज गेले तसे शेडचे महत्त्व गेले. अकोल्याकडचा मार्गही २००८ च्या सुमारास रुंद झाला. त्याआधी, १ एप्रिल २००३ रोजी, नवा विभाग झाला तो नांदेडला. मुंबईशी जोडले जाण्याचा आनंद परभणीत साजरा होत असताना पंचवीस-तीस किलोमीटरवरच्या पूर्णेत निरोपाची भावना होती. आपल्या प्रादेशिक इतिहासात पहिली गोष्ट नोंदली जाते, दुसरी नाही. वारसा म्हणून आपण घुमट जपतो. यार्ड जपण्याची रीत आपल्याकडे अजून नाही, आणि पूर्णेतल्या निवृत्त फिटर, फायरमन, गँगमन मंडळींच्या आठवणी कोणी बसून लिहून घेतल्या तर मराठीत एक अपूर्व पुस्तक होईल. परभणी-नांदेडच्या महाविद्यालयांतल्या मराठी विभागांना हा प्रकल्प सहज हाती घेता येण्याजोगा आहे. वयोमान पाहता तो लवकर घ्यावा.

अलीकडच्या वर्षांत या मार्गाचे विद्युतीकरण झाले. ३० डिसेंबर २०२३ रोजी जालना–मुंबई वंदे भारत सुरू झाली आणि २०२५ मध्ये ती नांदेडपर्यंत आली. परभणीचा प्रवासी आता स्टीव्हन्सच्या घुमटापाशी थेट उतरतो. नांदेड विभाग मात्र दक्षिण मध्य रेल्वेत आहे आणि त्या रेल्वेचे मुख्यालय सिकंदराबादला आहे. फलाट वाढवायचा, गाडीला थांबा मागायचा, तर परभणीकरांचे निवेदन आजही नांदेडमार्गे तिकडेच जाते.